सौम्य लकव्यानंतर चालायचं कधी, किती आणि कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. औसा, निलंगा, अहमदपूर, रेणापूर, अंबाजोगाई अशा भागांतून लकवा होऊन गेलेली माणसं घरच्यांसोबत येतात. झटका सौम्य असेल तर दोन तऱ्हेची घरं दिसतात. एका घरात माणसाला पलंगावरून उतरू देत नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. दुसऱ्या घरात माणूस आठव्या दिवशी मोटारसायकल काढून शेतावर गेलेला असतो आणि घरचे कौतुकानं सांगतात, "मॅडम, ते तर चांगले चालायलेत." मला दोन्ही घरांची सारखीच काळजी वाटते. दोघांना जे सांगते तेच इथं लिहिलं आहे. हे सगळं रक्ताची गुठळी अडकून झालेल्या सौम्य झटक्याबद्दल आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

"तोंड वाकडं झालतं, दोन दिवसांत सरळ झालं. मग तो लकवाच होता का?"

होय. सीटी किंवा एमआरआयवर डाग दिसला आणि डॉक्टरांनी 'मायनर स्ट्रोक' म्हटलं, तर तो लकवाच. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. त्यातून वाटतं की आलं तसं निघूनही गेलं. प्रत्यक्षात मेंदूच्या एका छोट्या भागाला रक्त मिळालं नाही आणि तो भाग दुखावला. शेजारच्या भागांनी काम उचलून धरलं म्हणून तोंड पुन्हा सरळ झालं. लक्षणं काही मिनिटांत किंवा तासांत पूर्ण गेली आणि स्कॅनवर डाग नसला तर त्याला 'टीआयए' म्हणतात. त्यालाही हलक्यात घेऊ नका. दोन्हींनंतर पुन्हा झटका येण्याची भीती पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते आणि पहिले तीन महिने तरी ती मागे लागलेली असते. चालण्याचा व्यायाम पाय सुधारावा म्हणून तर आहेच. पण ज्याचा पाय आधीच बरा आहे त्यालाही तो मी सांगते, कारण त्याला दुसरा झटका येऊ नये हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

झटक्यानंतर किती दिवसांनी व्यायाम सुरू करायचा?

पहिले २४ तास जोर करायचा नाही. आधी तज्ज्ञांनाही वाटायचं की जितकं लवकर आणि जितक्या वेळा उठवू तितकं बरं. ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या 'अ‍ॅव्हर्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि २०१५ साली निकाल आला. पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि बराच वेळ उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीची काळजी मिळालेल्यांपेक्षा थोडी वाईट निघाली. म्हणून पहिल्या दिवशी घाई नको.

पण पुढं आठवडाभर झोपवून ठेवणंही चूक. डॉक्टरांनी स्थिर म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून बसणं, उभं राहणं, संडासपर्यंत धरून चालणं सुरू होतं. दम वाढवणारा ठरवून केलेला व्यायाम, म्हणजे ज्याला एरोबिक म्हणतात तो, सौम्य झटक्याच्या बऱ्याच रुग्णांना घरी आल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परवानगीनं सुरू करता येतो.

परवानगी घ्यायची म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

डिस्चार्जच्या वेळी गडबड असते, पाच मिनिटं मिळतात, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. मानेच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा आहे का? ईसीजी आणि इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) काय निघालं, ठोके अनियमित आहेत का? बीपी किती असेल तर चालायचं नाही? ठोके कमी करणारी गोळी दिली आहे का? एवढ्या चार उत्तरांवर मला पुढचा सगळा व्यायाम आखता येतो. फाइल घेऊन या असं मी फोनवरच सांगते, तरी पुष्कळजण फक्त गोळ्यांची पिशवी घेऊन येतात.

गोळ्या चालू आहेतच. मग चालून वेगळं काय होणार?

गोळ्या गुठळी होऊ देत नाहीत, बीपी आणि कोलेस्टेरॉल खाली ठेवतात. त्या एक दिवसही सोडायच्या नाहीत. चालण्यानं जे होतं ते त्या गोळ्यांच्या जोडीला लागतं. नेमानं चालणाऱ्याचं वरचं बीपी साधारण पाच-सात अंकांनी उतरतं. स्नायू रक्तातली साखर ओढून घेऊ लागतात आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको म्हणतो आम्ही. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर लवचिक राहतं. झोप आणि मन दोन्ही सुधारतात.

अजून एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. लकव्यानंतर माणसाची दम धरायची ताकद त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या निम्म्यावर येऊ शकते. हातपाय ठीक दिसतात, पण अंघोळ करून कपडे घातले की माणूस बसून राहतो. ही ताकद गोळीनं परत येत नाही.

किती जोरात चालायचं? घड्याळावरचे ठोके बघायचे का?

मी घड्याळापेक्षा बोलण्यावर विश्वास ठेवते. सोबतच्या माणसाशी पीकपाण्याच्या गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण अभंग चालीवर म्हणायला गेलं तर मध्येच श्वास घ्यावा लागला पाहिजे. तो वेग बरोबर. अभंग आरामात म्हणता येतोय म्हणजे वेग थोडा वाढवायला जागा आहे. दोन शब्दांनंतर धाप लागतेय म्हणजे ताबडतोब कमी करा. शून्य ते दहाच्या मापात दमणूक तीन-चारच्या आसपास असावी. पहिल्या आठवड्यात दोन-तीनही चालेल.

ठोक्यांचा हिशोब हवाच असेल तर असा करतात. समजा वय ५८. २२० मधून ५८ वजा केले की १६२. सकाळी बसल्या जागी ठोके ७८, तर फरक ८४. त्याचे ४० टक्के म्हणजे साधारण ३४, ते ७८ मध्ये मिळवले की ११२. सुरुवातीला एवढं पुरे, पुढे सवय झाल्यावर ६० टक्क्यांनी १२८ पर्यंत. पण मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशी गोळी चालू असेल तर हा हिशोब चालत नाही. ती गोळी ठोके वाढूच देत नाही. माणूस धापा टाकत असतो आणि घड्याळ ९६ दाखवतं. ठोके अनियमित असतील तरीही घड्याळ बाजूला ठेवा आणि बोलून बघा.

पहिल्या महिन्यात कसं वाढवायचं?

आधी मिनिटं वाढवा, वेगाचं नंतर बघू. पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. अंगण, गच्ची, मंदिराचं आवार, गल्लीतला सिमेंटचा तुकडा, कुठंही. मग दर दोन-तीन दिवसांनी एकेका फेरीत एक-दोन मिनिटं वाढवायची. महिना संपता संपता दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या किंवा सलग वीस मिनिटं जमली तर छान. दोन-अडीच महिन्यांत आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं, हा टप्पा गाठायचा.

प्रत्येक वेळी पहिली तीन-चार मिनिटं रमतगमत आणि शेवटची तीन-चार मिनिटंही तशीच. पटकन थांबून ओट्यावर बसू नका. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याचं बीपी तेव्हा एकदम खाली येतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. जेवणानंतर लगेच चालायला निघू नका, दीड-दोन तास जाऊ द्या.

आदल्या दिवशी जास्त चाललो हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. उठतानाच अंग जड असेल तर त्या दिवशी मिनिटं निम्मी करा. शून्य करू नका.

शेतात दिवसभर राबतो, घरात दिवसभर उभी असते. वेगळं चालायला कशाला पाहिजे?

हा प्रश्न मला रोज येतो आणि तो चुकीचा नाही. कामानं शरीर हलतं, त्याचा फायदा आहेच. पण खुरपणी बसून वाकून होते, भाकरी थापणं एका जागी होतं, पिकाला पाणी देताना, दारं धरताना जोर हातापाठीवर येतो. हृदयाचे ठोके दहा-वीस मिनिटं एकाच पातळीवर वाढून राहतील असं त्यात फारसं घडत नाही. उलट भरलेला हंडा उचलणं, पोतं पाठीवर घेणं, विहिरीतून मोटर ओढणं, यांत माणूस श्वास कोंडून जोर लावतो आणि बीपी क्षणात भलतंच वर जातं. पहिले काही आठवडे ही कामं दुसऱ्यानं करावीत. उचलावंच लागलं तर ओझं निम्मं करा आणि उचलताना तोंडानं श्वास सोडा.

बायकांच्या बाबतीत मला जरा जोर देऊन बोलावं लागतं. पुरुषाला लकवा झाला की घर त्याच्याभोवती फिरतं. बाईला झाला की ती चौथ्या दिवशी चुलीपुढं असते आणि तिच्या चालण्यासाठी वीस मिनिटं कुणी मोकळी करत नाही. ती वीस मिनिटं घरच्यांनी ठरवून द्यायची आहेत. त्या वेळात दूध, डबा, नातवंडं दुसऱ्यानं बघायची.

मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतली आहे. ऊसतोडीला जाता येईल का?

पहिल्या तीन महिन्यांत नाही. बीड, धाराशिव, जालना, लातूरमधून कोयता घेऊन जाणारी जोडपी येतात तेव्हा हे सांगताना माझा जीव तुटतो, कारण नवराबायको मिळून एक कोयता आणि एक पडला की दोघांची मजुरी बुडते. उचल तर आधीच खर्च झालेली असते. पण तोडीत पहाटेपासून वाकणं आहे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं आहे, अपुरी झोप आहे आणि गोळ्या संपल्या तर फडावर मेडिकल नाही. त्यात दुसरा झटका आला तर दवाखाना किती लांब असेल सांगता येत नाही.

मुकादमाशी बोलायला डिस्चार्ज कार्ड आणि 'जड काम करू नये' असं डॉक्टरांनी लिहिलेला कागद सोबत ठेवा. तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो. पुढच्या हंगामाला जायचं असेल तर मध्ये मिळणाऱ्या महिन्यांत चालणं अर्ध्या तासावर न्या, मग वजन उचलायची सवय आमच्यासमोर हळूहळू करून घ्या.

एप्रिल-मेच्या उन्हात कसं चालायचं?

पारा ४२ च्या पुढं जातो तेव्हा बाहेर चालायची वेळ सकाळी साडेपाच ते सात एवढीच. संध्याकाळी सात वाजताही डांबर आणि भिंती उष्णता सोडत असतात, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळचं चालणं मी घरातच सांगते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी लवकर कमी होतं, उठताना चक्कर येते, पडायला होतं. निघण्याआधी एक पेला पाणी, आल्यावर एक-दोन पेले. हृदय किंवा किडनीच्या त्रासासाठी पाणी मोजून सांगितलं असेल तर तेच प्रमाण पाळा.

लिंबू-मिठाचं सरबत रोज घेऊ नका. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी ठेवायचं आहे. आपल्या ताटात ठेचा, लोणचं, पापड, खारवलेली मिरची आधीच असते. बिनमिठाचं पातळ ताक उत्तम.

थंडीचंही सांगते. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. पहाटे पाचची हौस तेव्हा नको. ऊन पडू द्या, कान-डोकं बांधा, मग निघा.

पाय लटपटतो, रस्त्यावर कुत्री आणि गाड्या आहेत. घरात काय करता येईल?

भक्कम, बिनचाकाच्या खुर्चीवर बसून दोन्ही पाय आळीपाळीनं उचलायचे, जणू जागेवर चालतोय. सोबत हात पुढंमागं. पाच मिनिटांत श्वास वाढतो, करून बघा. पुढची पायरी म्हणजे ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून उभ्यानं तेच. जागेवर उभी असलेली व्यायामाची सायकल मिळाली तर ती तोल जाणाऱ्यांसाठी फार चांगली. रस्त्यावरची सायकल इतक्यात नको.

बाहेर चालताना सोबत्यानं कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागं राहायचं. काठी मात्र चांगल्या हातात. बंद टाचेचे बूट किंवा मागं पट्टा असलेली चप्पल घाला. साधी स्लिपर कमजोर पायातून निसटते आणि बऱ्याचदा माणूस तिथंच पडतो. साखरेचा आजार असेल तर आल्यावर तळपाय आरशात बघा, फोड आला तरी कळत नाही.

बीपी आणि साखर बघूनच निघायचं का?

पहिला महिना तरी हो. पाच मिनिटं टेकून बसा, चांगला हात टेबलावर ठेवून मोजा. १८०/११० किंवा त्याच्या वर असेल तर व्यायाम नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तेवढंच आलं तर डॉक्टरांना फोन. डॉक्टरांनी तुमच्यासाठी याहून खालचा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि साखर १०० च्या खाली असेल तर आधी अर्धी भाकरी किंवा एखादं केळ खा. खिशात साखरेची पुडी ठेवा. साखर फार उतरली तरी बोबडी वळते, हात गळतो, अगदी लकव्यासारखं दिसतं. साखर २५० च्या वर आणि सोबत मळमळ, गळून गेल्यासारखं असेल तर चालणं रद्द करून दवाखाना गाठा.

दोन फेऱ्या मारल्या की झोपून राहतात. आळस आहे का?

नाही हो. लकव्यानंतरचा थकवा हा आजाराचाच भाग आहे आणि सौम्य झटक्यातही तो दिसतो. मेंदूला साध्या कामांसाठीही जास्त मेहनत पडते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून घरचे "आता तर बरे आहात की" म्हणतात आणि माणूस आतून खचतो. चालणं सकाळी, अंग ताजं असताना ठेवा. दुपारी अर्धा तास झोपू द्या. पाहुण्यांची रीघ कमी करा, प्रत्येकाला तीच कहाणी सांगण्यात त्यांची ताकद जाते. हळूहळू वाढवलेल्या चालण्यानं बऱ्याच जणांचा थकवा उतरतो. सतत उदास असतील, रडू येत असेल, जेवण सुटलं असेल तर त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा.

कपालभाती चालेल का?

जोराच्या झटक्यांची कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं सध्या नको. शीर्षासन, सर्वांगासन तर नकोच. अनुलोम-विलोम श्वास न रोखता करा. पण ते चालण्याऐवजी धरू नका, त्यानं दमसास वाढत नाही.

एकादशीला, नवरात्रात, रोज्यांत काय करायचं?

गोळ्यांच्या वेळा चुकणार असतील तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. कडक उपवासाच्या दिवशी चालणं निम्मं. रोजा असेल तर इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी चालणं बरं पडतं.

यंदा वारीला जाऊ का?

झटका दोन-तीन महिन्यांपूर्वीच आला असेल तर पूर्ण वारी नको. रोजचे पंधरा-वीस किलोमीटर, उघड्यावरची झोप आणि जेवणाची अनिश्चित वेळ हे सगळं एकदम अंगावर येतं. गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाईवरून जाते, नाथांची पैठणहून निघते. आपल्या गावाजवळ आली की एक-दोन किलोमीटर सोबत चाला आणि घरच्या गाडीनं परत या. एका आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षीच्या वारीसाठी त्यांनी अंगणात फेऱ्या मोजायला सुरुवात केली.

अमुक गावात लकव्याचं औषध देतात, कबुतराचं रक्त चोळतात...

नका जाऊ. रक्त चोळून मेंदूतली गुठळी निघत नाही, आणि तिकडं जाऊन कित्येकजण चालू गोळ्या बंद करतात. मला भीती त्या बंद केलेल्या गोळ्यांची वाटते. तेलानं हलकं मालिश करायचं तर करा.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. हेच सगळं लागू?

नाही. बीपी पूर्ण ताब्यात येईपर्यंत आणि न्यूरोलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर) तारीख देईपर्यंत दमाचा व्यायाम सुरू करू नका.

चालायला निघताना तंबाखूचा बार भरला तर?

तंबाखूनं, मिश्रीनंही, ठोके आणि बीपी लगेच वाढतात. त्यावर चालण्याचा ताण चढवणं धोक्याचं. लकव्यानंतर तंबाखू पूर्ण सोडायचीच आहे, आणि सकाळच्या चालण्याची वेळ त्या तलफेच्या वेळेवर ठेवली तर पुष्कळांना मदत होते.

कोणत्या लक्षणांवर तिथंच थांबायचं?

छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं होणं, थांबूनही न बसणारी धाप, छातीत फडफड, चक्कर. तिथंच बसा. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढं चालू नका आणि डॉक्टरांना कळवा. छातीतलं दुखणं थांबत नसेल तर वाट न बघता १०८.

तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात किंवा पाय अचानक गळाला, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं, तोल गेला किंवा डोकं कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, तर तो नवा झटका समजा. लगेच १०८ ला फोन करा आणि किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. आपल्या तालुक्यापासून चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता ते शोधत बसायला वेळ नसतो.

एकट्यानं चाललं तर चालेल?

पहिले चार आठवडे सोबत हवीच. शाळेत जाणारा नातूही चालतो, फक्त त्याला १०८ लावता आलं पाहिजे. नंतर एकटे निघालात तरी घरापासून लांब सरळ जाऊ नका, घराभोवतीच फेऱ्या मारा. खिशात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, गाव, घरच्या दोघांचे फोन नंबर, लकवा झाल्याची तारीख आणि चालू गोळ्यांची नावं लिहा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिच्याखाली लाल रेघ मारा. ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, घामानं शाई पुसते.